पात्याची धार केस कसा घालवतो?

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे 50 पटींनी मऊ असतो, तरी पातं बोथट होतंच. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजत नाही; कापताना केस वाकला की धारेचे बारीक टवके उडतात! म्हणून दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवाच. पाणी प्यायलेला केस मऊ पडतो, सहज कापला जातो. ज्यांच्या घरी बोअरचं क्षारांचं पाणी येतं, त्यांनी पातं ओलं ठेवू नये. पाणी उडून गेलं की क्षार धारेवर बसतात. धुवा, झटका, कोरड्या जागी ठेवा. फडक्याने धार पुसू नका. आणि पातं कितीही टिकलं तरी एकाचं दुसऱ्याने वापरू नये. रक्ताच्या कणातूनही हिपॅटायटिस बी पसरतो.