भूमिगत खाणीचं गणित : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : लातूर-नांदेडकडे खोल खणलं तर कोळसा लागेल.
वस्तुस्थिती : 1993च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आलं. सुमारे 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग थेट प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोळसा ज्या गोंडवाना थरांत असतो, ते तिथे नव्हतेच. ते थर चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात आहेत. परळीच्या औष्णिक केंद्रालाही कोळसा बाहेरूनच आणावा लागतो.

गैरसमज : मोठं यंत्र उतरवलं की उत्पादन वाढतं.
वस्तुस्थिती : कोळशाचे खांब राखत चालणाऱ्या 'बोर्ड अँड पिलर' पद्धतीत छिद्रं पाडणं, सुरुंग, धूर निघेपर्यंतची वाट, छताला आधार, कोळसा उचलणं आणि वाहक पट्ट्यावरून वाहतूक ही कामं एकामागून एक होतात. समजा, पट्टा तासाला 100 टनच नेतो. मग यंत्रांनी 150 टन भरले तरी बाहेर 100च येणार. डाळमिलमध्ये चाळणी तीच ठेवून भरडणी वाढवली तर पोत्यांची संख्या वाढत नाही, तसंच हे.

गैरसमज : अशा कामाचं संगणकावरचं सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरची रंगीत खाण.
वस्तुस्थिती : चित्र दुय्यम, नोंदी मुख्य. एका खेपेला किती मिनिटं लागतात, पट्टा किती वेळा बंद पडतो, हे आकडे घेऊन संगणक एकच पाळी शेकडो वेळा चालवतो आणि दरवेळी उशीर व बिघाड बदलून पाहतो. नुसती सरासरी भरली तर एका बिघाडामागे साचणारी रांग दिसतच नाही. पाळीच्या नोंदी अंदाजाने लिहिल्या असतील, तर उत्तरही अंदाजच.

गैरसमज : उत्पादन वाढवायचं तर सुरक्षेला कात्री लागणारच.
वस्तुस्थिती : भूमिगत विभागात मिनिटाला माणशी 6 घनमीटर किंवा रोजच्या टनामागे 2.5 घनमीटर, यांपैकी जास्त भरेल तेवढी हवा पोचवणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे 400 टनांना मिनिटाला किमान 1000 घनमीटर. टन वाढले की हवाही वाढवावी लागते. म्हणून वायुवीजन वगळलेलं सिम्युलेशन अपुरंच.

यंत्रखरेदीचा निर्णय घेण्याआधी एक कसोटी लावावी : सिम्युलेशनच्या मॉडेलला मागच्या महिन्याचं उत्पादन काढायला सांगावं. ते प्रत्यक्ष आकड्याजवळ येत नसेल, तर त्याच्या भरवशावर नवं यंत्र घेऊ नये.