खुंट ठोकला म्हणून खाण आपली होत नाही

हैदराबादेत आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्यात अमेरिकेतल्या सोन्याच्या शोधाच्या कथाही हाती लागतात: डोंगरात खुंट ठोकायचे, कचेरीत नाव नोंदवायचं, झाली खाण आपली. तिकडे ही सोय आजही आहे. 1872 च्या कायद्यानुसार खाणीसाठी खुल्या असलेल्या केंद्रीय सरकारी जमिनीवर अमेरिकी नागरिक, किंवा नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेला माणूस, खनिज सापडल्यावर दावा लावू शकतो. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला तो लावता येत नाही.

आपल्याकडे अशी सोयच नाही. 1957 च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय किंवा खाणपट्ट्याशिवाय खोदणं सोडाच, खनिजाचा पद्धतशीर शोध घेणंही गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची.

‘आधी अर्ज करेल त्याला आधी पट्टा’ हे मात्र एके काळी बरंचसं खरं होतं. पहिल्या अर्जदाराला प्राधान्य मिळायचं. जानेवारी 2015 मध्ये ते संपलं. आता प्रमुख खनिजांचा पट्टा खासगी माणसाला किंवा कंपनीला लिलावातूनच मिळतो. विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीतला किती टक्के वाटा सरकारला देणार, यावर बोली लागते. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजं. त्यांचे नियम प्रत्येक राज्य आपले आपण करतं, म्हणून नांदेडचा अनुभव हैदराबादेत जसाच्या तसा लागू पडत नाही.

अर्ज कोण करू शकतो? भारतीय नागरिक, किंवा भारतात नोंदलेली कंपनी. भागीदारी संस्था असेल तर प्रत्येक भागीदार भारतीय नागरिक हवा. इथे पुष्कळ मराठी घरं फसतील असं मला वाटतं. न्यू जर्सीच्या भावाकडे ओसीआय कार्ड असतं आणि सगळे त्याला भारतीयच धरून चालतात. कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक आहे आणि त्याच्यामुळे अख्खी भागीदारी अपात्र ठरते. कंपनीचं तसं नाही: भारतात नोंदलेल्या कंपनीत भागधारक परदेशी असले तरी ती अर्ज करू शकते.

‘सातबारा माझा, तर खालचं सोनंही माझं’ असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम 48 सांगतं की, वेगळी तरतूद नसेल तर खनिजं राज्य सरकारची. केरळच्या मलबार भागातल्या जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये खनिजाची मालकी जमीनमालकाकडेच असल्याचं मानलं खरं, पण मालकी असली तरी खोदायला परवानगी लागतेच.

खनिजं कुणाची, या प्रश्नाचा हैदराबादला जुना चटका आहे. ज्या अल्बर्ट आबिडच्या दुकानावरून आबिड्स हे नाव पडलं, तो सहाव्या निजामाचा सेवक. त्याच निजामाच्या राजवटीत, 1886 मध्ये, संस्थानातल्या खनिजांचा हक्क लंडनमधल्या एका कंपनीला दिला गेला. त्या व्यवहाराची 1888 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. त्याच कंपनीची पुढे 1920 मध्ये सिंगारेणी कॉलरीज झाली.

सगळ्यात घातक गैरसमज आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्राबद्दल आहे: ‘जमीन सरकारी आहे, म्हणजे सरकार कुणालाही देऊ शकतं.’ विशाखापट्टणमजवळच्या बोर्रा परिसरात आदिवासी राहत असलेल्या भागात खासगी कंपन्यांना खाणपट्टे दिले गेले. ‘समता’ ही संस्था कोर्टात गेली आणि उच्च न्यायालयात हरली. 11 जुलै 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आदिवासींखेरीज ज्या कुठल्या ‘व्यक्ती’ला तिथली जमीन देण्यास मनाई आहे, तीत खासगी कंपनीही येते आणि जमीन देणारं सरकारही त्या मनाईला बांधील आहे, असं न्यायालयाने ठरवलं. वाट मोकळी राहिली ती सरकारी महामंडळांना आणि आदिवासींच्या सहकारी संस्थांना. त्या निकालामागची, ही मनाई घालणारी 1959 ची नियमावली तेलंगणातही लागू आहे. आसिफाबादकडे किंवा भद्राचलमकडे कुणी ‘सरकारी जमिनीवरचा पट्टा’ विकायला आला, तर जागा अनुसूचित क्षेत्रात येते का, हे आधी तपासावं. येत असेल आणि घेणारा आदिवासी नसेल, तर त्या कागदाला किंमत नाही.