खुबा कापायचा की मढवायचा?

चाळिशीच्या आत खुबा निकामी झाला की डॉक्टरांचा पहिला सल्ला बहुधा एकच असतो: जमेल तितकी वर्षं ओढा. जिना चढताना जांघेत कळ येते, मोजे घालायला पाय वर घेता येत नाही, मांडी घालून बसणं तर केव्हाच सुटलेलं असतं. तरी थांबायचं. कारण बदललेला खुबा जन्मभराचा नसतो. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात तो 25 वर्षं टिकण्याचं प्रमाण सुमारे 58 टक्के निघालं. सत्तरीतल्या आजींना हा हिशेब उत्तम आहे. अडतिशीच्या माणसाला मात्र पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच दुसरी समोर दिसत असते.

आणि दुसरी अवघड असते. पूर्ण सांधेबदलात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याखालच्या हाडाच्या मानेपासून कापून टाकतात, हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा बसवतात आणि त्यावर नवा गोळा चढवतात. पुढे कधी हा दांडा काढायची वेळ आली, तर त्याच्याशी घट्ट जुळलेलं हाडही तुटू-फुटू शकतं.

हिप रिसरफेसिंगमध्ये गोळा कापत नाहीत. किडलेला दात न उपटता कॅप बसवावी, तसा तो धातूने मढवतात. सर्जन सांधा निखळवून गोळा बाहेर काढतो, मानेच्या बरोबर मध्यातून एक तार घालतो आणि त्या तारेच्या रोखाने गोळा चहूबाजूंनी तासतो. मग कोबाल्ट-क्रोमियमची टोपी सिमेंटने बसते, कमरेच्या हाडातल्या वाटीत त्याच धातूची वाटी दाबून बसवतात. तारेचा रोख थोडा चुकला, मानेला खाच पडली, तर पुढच्या काही महिन्यांत मान मोडू शकते. शिवाय गोळा जागेवरच असल्याने त्याला बाजूला सारून वाटीपर्यंत पोचावं लागतं. म्हणूनच सांधेबदल रोज करणारा प्रत्येक सर्जन ही शस्त्रक्रिया करत नाही, आणि करू नये.

फायदा दुहेरी. मांडीचं हाड शाबूत राहतं, त्यामुळे पुढे गरज पडलीच तर दांड्याचा सांधा पहिल्यांदाच बसवल्यासारखा बसवता येतो. दुसरं म्हणजे गोळ्याचं माप. जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकात रूढ केलेल्या सांध्याचा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा होता, आज तो साधारण 28 ते 36चा असतो. मढवलेला गोळा मात्र जवळजवळ मूळ मापाचाच, पुरुषात बहुधा 50च्या आसपास. एवढा मोठा गोळा वाटीतून सहजी निसटत नाही.

कल्पना नवी नाही. खुद्द चार्नली यांनी 1950च्या दशकात टेफ्लॉनचे कवच वापरून पाहिले. कवच झिजले आणि चार्नली दांड्याच्या सांध्याकडे वळले. सत्तरच्या दशकात धातूची टोपी आणि प्लॅस्टिकची पातळ वाटी अशी जोडी आली. प्लॅस्टिकच्या कणांनी भोवतालचं हाडच पोखरलं. 1991 मध्ये बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी प्लॅस्टिक काढूनच टाकलं, धातूवर धातू ठेवला. 1997 पासून त्यांची ‘बर्मिंगहॅम हिप’ वापरात आली. टेनिसपटू अँडी मरे याचा खुबा जानेवारी 2019 मध्ये लंडनमध्ये असाच मढवला गेला आणि त्याच ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली.

मरेचं उदाहरण खरं आहे, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. कारण याच तंत्राच्या नावावर वैद्यकातला एक मोठा अपघात जमा आहे. 2003 मध्ये डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ सांधा बाजारात आला. वरून पाहिलं तर बर्मिंगहॅमसारखाच. मोठा फरक हा की वाटी उथळ होती. उथळ वाटी जरा तिरकी बसली की सगळा भार तिच्या काठावर येतो, तिथला वंगणाचा थर तुटतो आणि धातू धातूला खरवडू लागतो. कोबाल्ट-क्रोमियमचे कण आसपासच्या स्नायूंत उतरतात, रक्तात जातात. सांध्याभोवती गाठी होतात, मांस सडतं. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने एएसआर जगभरातून मागे घेतला, तोवर सुमारे 93 हजार लोकांना तो बसला होता. यात दांड्याचा आणि मढवण्याचा, दोन्ही प्रकार होते.

या फेऱ्यातून बर्मिंगहॅमही सुटली नाही. ती बनवणाऱ्या कंपनीने 2015 मध्ये स्त्रियांसाठी आणि लहान मापांसाठी तिचा वापर थांबवला. लहान गोळ्यावर झीज जास्त, हे तोवर स्पष्ट झालं होतं. त्यामुळे आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः कोणासाठी, तर साठीच्या आतला, मजबूत हाडांचा, मोठ्या मापाच्या गोळ्याचा, झिजेच्या संधिवाताचा पुरुष. अशा निवडक रुग्णांत दहा वर्षांनी 95 टक्क्यांच्या आसपास सांधे टिकून असतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर नको, कारण धातूचे कण तिथूनच बाहेर पडतात. ज्यांना मूल हवं आहे त्या स्त्रियांनाही नको. हे कण वार ओलांडून गर्भापर्यंत जातात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. तरुणांचे खुबे इथे अनेकदा एव्हीएनने जातात: रक्तपुरवठा तुटून गोळ्याचं हाड मरतं. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची मोठी कारणं. कोविडनंतरचे असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. मेलेला भाग मोठा असेल तर टोपी बसवायची कशावर? अशा माणसाने रिसरफेसिंगचा हट्ट धरू नये. दांड्याचा चांगला सांधाच त्याला जास्त साथ देईल.

धातूऐवजी सिरॅमिकची टोपी आणि वाटी गेल्या काही वर्षांत युरोपात रुग्णांना बसू लागली आहे. तिच्यातून कोबाल्ट सुटत नाही, म्हणून वगळलेल्या स्त्रियांना पुन्हा वाट खुली होईल, ही आशा मला सर्वांत मोलाची वाटते. पण तिची दहा-वीस वर्षांची नोंद अजून तयार व्हायची आहे.

एएसआरची गडबड सर्वांत आधी पकडली ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधे-नोंदवहीने. तिथे प्रत्येक बसवलेल्या सांध्याची नोंद होते. भारतात एएसआरच्या सुमारे 4700 शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, 2018 मध्ये केंद्राने भरपाईचं सूत्रही ठरवलं. पण हेल्पलाइनमार्फत माग लागला तो हजारभर रुग्णांचाच. बाकीच्यांच्या शरीरात काय बसवलंय हे सांगायला कोणी त्यांच्यापर्यंत पोचूच शकलं नाही. खुबा कापा किंवा मढवा, इम्प्लांटच्या डब्यावरचं कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.