गेममधला नवा भिडू: कच्चा लिंबू की साइडकिक?

पनवेलच्या सोसायट्यांत लपाछपी खेळताना छोट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. ऑनलाइन गेममध्ये तेवढंही नसतं. मित्र ४० व्या लेव्हलला, तुम्ही ५ व्या. दोन फटक्यांत आउट, रात्री गेम अनइन्स्टॉल!

‘सिटी ऑफ हीरोज’ या २००४ च्या कॉम्प्युटरवरच्या सुपरहीरो गेमने यावर भारी तोडगा काढला: साइडकिक. मित्राने सोबत घेतलं की तुमची ताकद त्याच्या फक्त एक लेव्हल खाली. पॉवर्स मात्र तुम्ही कमावल्या तेवढ्याच. म्हणजे फुकट काही नाही, पण तुमचा ठोसा व्हिलनला खरंच लागतो. उलटही चालायचं, सीनियर खाली उतरून तुमच्या मिशनमध्ये यायचा. गेम २०१२ मध्ये बंद झाला, तरी चाहत्यांनी तो जिवंत ठेवला आणि २०२४ मध्ये त्यांच्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला अधिकृत परवानाही मिळाला.