पक्का शेर, कच्चा शेर : डीव्हीडीच्या क्षमतेचा हिशेब
(लेखांक सहावा)

कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सुमारे ७०० मेगाबाइट मजकूर कसा मावतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. तिच्याच १२ सेंटिमीटर व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या आणि हाती घेतली असता वेगळी न वाटणाऱ्या डीव्हीडीत त्याच्या जवळजवळ सातपट मजकूर कोठून सामावतो, आणि वेष्टनावर छापलेला ४.७ गिगाबाइटचा आकडा संगणकाच्या पडद्यावर ४.३८ कसा होतो, हे दोन प्रश्न आज घ्यावयाचे आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचा खुलासा आधी करणे उचित, कारण त्यामुळे अनेक ग्राहकांच्या मनात कारखानदाराविषयी अकारण संशय उत्पन्न झाला. पूर्वी एकच पोते एका पेठेत पक्क्या शेराने आणि दुसऱ्या पेठेत कच्च्या शेराने मापले म्हणजे आकडा बदले, धान्य मात्र तेवढेच राही. येथेही तसेच आहे. कारखानदार गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतो, तर विंडोज प्रणाली १,०२४ हा आकडा तीनदा गुणून येणारे १,०७,३७,४१,८२४ बाइट हे माप लावते. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर तबकडीत ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात. या संख्येला दुसऱ्या मापाने भागले की ४.३८ उरतात. डीव्हीडी-प्लस-आर या भावंडाची क्षमता मात्र खरोखरच किंचित कमी, म्हणजे ४,७०,०३,७२,९९२ बाइट आहे. ही सुमारे ६९ लाख बाइटांची तफावत क्षुल्लक वाटते खरी, परंतु पहिल्या प्रकारच्या तबकडीसाठी काठोकाठ रचलेला मजकूर दुसरीवर मावत नाही, आणि त्याचे कारण ठाऊक नसलेला मनुष्य यंत्राला दोष देत बसतो.

आता पहिला प्रश्न. कॉम्पॅक्ट डिस्क वाचणाऱ्या लेसर किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. डीव्हीडीसाठी ती ६५० वर आणली, भिंगाची शक्ती वाढविली, आणि किरणाचा ठिपका बारीक होताच मजकूर नोंदणाऱ्या सर्वांत लहान खळग्याची लांबी ०.८३ मायक्रॉनवरून ०.४० वर, तर सर्पिल रेषेच्या दोन शेजारच्या वळशांतील अंतर १.६ मायक्रॉनवरून ०.७४ वर उतरविता आले. एवढ्याने क्षमता सुमारे साडेचारपट होते. उरलेली वाढ मुख्यतः चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या काटकसरीतून आली. तीव्र भिंगाचा एक दोष असा की तबकडी जराशी कलली तरी प्रतिमा बिघडते, म्हणून ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींस चिकटवून किरणाला प्लास्टिकमधून करावा लागणारा प्रवास निम्मा करण्याची तजवीज झाली. ही युक्ती तोशिबाच्या गटाची. १९९५ साली त्या गटाचा प्रतिस्पर्धी आराखडा मांडणाऱ्या सोनी आणि फिलिप्स यांच्याशी समेट झाला, तेव्हा संकेतनाची पद्धत मात्र प्रतिपक्षाची स्वीकारली गेली. ती अधिक भरवशाची, पण थोडी अधिक जागा खाणारी होती, आणि तोशिबाच्या मूळ आराखड्यातील ५ गिगाबाइट त्यामुळे ४.७ वर आले. थोड्या जागेच्या मोबदल्यात विश्वसनीयता पत्करणारा हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

चित्रपटगृहांतील चित्रे घरी आणणाऱ्या व्यापारी तबकड्या बहुधा एका बाजूस दोन थर असलेल्या असत. किरण पहिल्या, अर्धपारदर्शक थरातून पार जाऊन दुसरा वाचतो. पण हे वाचन निर्वेध व्हावे म्हणून खळगे दहा टक्क्यांनी लांब, म्हणजे ०.४४ मायक्रॉनचे, ठेवावे लागतात. दोन थरांची क्षमता दुप्पट, म्हणजे ९.४ न होता ८.५ गिगाबाइट का भरते, याचे उत्तर या दहा टक्क्यांत आहे. घरी लिहावयाच्या तबकडीत साच्याने दाबलेले खळगे नसतात. तेथे सेंद्रिय रंगद्रव्याचा थर लेसरच्या उष्णतेने पालटतो. १९९७ मधील पहिल्या डीव्हीडी-आरची क्षमता ३.९५ गिगाबाइटच होती, ४.७ चा टप्पा तिने नंतर गाठला, आणि लिहिता येणाऱ्या दोन थरांच्या तबकड्या तर २००४ च्या सुमारास बाजारात आल्या.

एक थर आणि दोन थर यांच्या क्षमतेतील तफावतीचा अर्थ आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’वरून नीट उमगेल. हा चित्रपट २२४ मिनिटांचा. तो ८.५ गिगाबाइटमध्ये बसविला तर दर सेकंदास, ध्वनी धरून, सुमारे ५१ लाख बिट वाट्यास येतात, ४.७ मध्ये कोंबला तर अवघे २८ लाख. डीव्हीडीच्या नियमांनी दर सेकंदास सुमारे एक कोटी बिटांपर्यंत मुभा दिली आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे दुसरा आकडा किती तुटपुंजा आहे ते कळते. एवढ्या अल्प शिदोरीवर धुळीची, गर्दीची आणि धावपळीची दृश्ये चौकोनी ठिगळांची दिसू लागतात, आणि अशा चित्रपटात अशी दृश्येच अधिक असावयाची.

ज्या वाचकांच्या घरी लग्नामुंजींच्या तबकड्या अद्याप आहेत, त्यांनी त्या दुसऱ्या साधनावर उतरविताना गिगाबाइटच्या आकड्यावर विसंबू नये. फाइलच्या तपशिलात नमूद असलेली बाइटांची पूर्ण संख्या पाहावी आणि मूळ व प्रत या दोहोंची ती संख्या जुळल्यावाचून मूळ तबकडी निकालात काढू नये.