गंजलेला जोड
बंगळुरूस के. आर. पुरमच्या हँगिंग ब्रिजपाशी, टिन फॅक्टरीच्या कोंडीत रखडणाऱ्या, 2019 साली उत्पादन थांबलेल्या मारुती ओम्नीचे सुरू न होण्याचे दुखणे वारंवार उलटते आणि मालक बिचारा दरखेपेस नवी बॅटरी खरेदी करतो. वस्तुतः दोष बहुधा बॅटरीचा नसून, अर्थिंगची तार जेथे बॉडीला बोल्टाने आवळलेली असते, त्या गंजलेल्या जोडाचा असतो. तेथे अवघा 0.05 ओहम रोध उत्पन्न झाला, तरी स्टार्टरसाठी 100 अँपिअर प्रवाह वाहू लागताच, ओहमच्या नियमानुसार, 5 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. 12 पैकी जेमतेम 7 उरतात. हेडलाइट मात्र थोडक्या प्रवाहावर लखलखतात, म्हणून मुरलेला मिस्त्रीही फसतो. यास्तव स्टार्टर फिरत असतानाच बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांच्या दरम्यान मीटर लावावे. आकडा अर्ध्या व्होल्टापुढे गेला, तर प्रथम पॉलिश पेपर हाती घ्यावा.