भंगार मोजा, मग ठोका!

संध्याकाळची लोणावळा लोकल. मांडीवर पेपर, त्यावर पिशवी, पिशवीवर पत्ते. चौघांची रमी अगदी रंगात येते आणि देहूरोडला दोघं उतरून जातात. उरतो मी आणि समोरचे काका. काका फौजेतून निवृत्त झालेले, उतरणार कामशेतला. बेगडेवाडी, घोरावडी, तळेगाव, वडगाव, कान्हे अशी मधली पाच स्टेशनं काढायची कशी? दोघांत तेरा पानी रमी खेळता येते, पण मजा येत नाही. मग एक दिवस काकांनी कॅटमधले जोकर काढून खिशात घातले आणि म्हणाले, "आज तुला जिन शिकवतो."

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी एकदम वळून पाहिलं. देहूरोड म्हणजे छावणीचं गाव. फौजी कॅन्टीनची रम इथे सगळ्यांना ठाऊक, पण जिन?

तर जिन रमी. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये एलवुड बेकर नावाचे व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचे एक शिक्षक होते, त्यांनी हा खेळ बसवला. नाव मुलाने सुचवलं असं सांगतात. रमीत रम आहे, तर धाकट्या भावंडाला जिन म्हणू या, असा बापलेकांचा हिशोब. पुढे १९४० च्या आसपास हॉलिवूडच्या नटमंडळींना याचं वेड लागलं आणि खेळ जगभर पोचला.

वाटायची पानं दहा-दहा. एक पान उघडं, बाकी ३१ पानांचा गठ्ठा. उचला एक, टाका एक. तीन किंवा चार सारखी पानं, नाहीतर एकाच रंगाची तीन किंवा जास्त ओळीने. एवढं आपल्याला आईच्या मांडीवर बसून येतं. पण जोकर नाही, प्युअर सिक्वेन्सची सक्ती नाही, आणि एक्का कायम खालचा, म्हणजे राणी-राजा-एक्का ही आपली लाडकी ओळ इथे चालत नाही. हे पचायला मला आठवडा लागला.

खरी गंमत ठोकण्यात. आपल्या रमीत सगळी पानं लागल्याशिवाय शो नाही. इथे न लागलेल्या पानांची बेरीज १० किंवा त्याहून कमी झाली की आपण डाव थांबवू शकतो. चित्रांचे दहा-दहा, एक्क्याचा एक, बाकी छापलेले. या बेवारशी पानांना काका 'भंगार' म्हणतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ वाळकं लाकूड असा आहे, पण चिखली-कुदळवाडीची गोदामं पाहिलेल्या माणसाला भंगारच सुचणार.

मी पहिल्यांदा ठोकलं तो डाव अजून डोळ्यांसमोर आहे. हातात इस्पिकची पाच-सहा-सात, तीन राण्या, आणि भंगारात एक एक्का, दोन दुर्र्या, एक चौका. बेरीज ९. मी पिशवीवर बोटाने टकटक केलं आणि पानं उघडली. काकांनी चष्मा वर सरकवला. त्यांची सात पानं लागलेली होती, भंगारात इस्पिकची अठ्ठी, किलवरची राणी आणि एक तिर्री. म्हणजे २१. मी मनात १२ गुण लिहूनही टाकले. तर काकांनी अठ्ठी उचलून माझ्याच सातच्या शेजारी ठेवली, राणी माझ्या राण्यांना नेऊन चिकटवली. उरली तिर्री. माझे ९, त्यांचे ३. ठोकणारा उलटा पडला की फरक समोरच्याला, वर २५ दंड. एकूण ३१ काकांना.

"पण ती माझी पानं आहेत!"

"ठोकलंस ना? आता ती गावजेवणाची पंगत. कुणीही बसावं."

ही सवलत एकाच वेळी बंद होते. भंगार शून्य झालं की 'जिन', तेव्हा समोरच्याला काहीच चिकटवता येत नाही, आणि २५ गुण वर मिळतात. शंभर गाठले की बाजी संपली. आमच्यात पैज चिक्कीच्या पाकिटाची. कामशेतच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की आणून देणं हा केवढा अपमान, पण मी तो सहा वेळा सोसलाय.

थोडं गणित. ५२ पानांतून दहा पानांचे हात बनतात १,५८२ कोटींहून जास्त. तरीही आपल्याला रोज तोच रडका हात येतो, हे वेगळं. तीन पानी ओळीत एक्का फक्त एकाच जागी बसतो, राजाही एकाच. दुर्री आणि राणी दोन जागी. तिर्रीपासून गुलामापर्यंत प्रत्येक पान तीन जागी. म्हणून सत्ती हातात धरायची आणि राजा लवकर सोडायचा. आम्हा मराठी लोकांना राजा टाकवत नाही, तिथेच मार खातो.

पिसणीचंही गणित आहे. कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत फरफर सोडायची पद्धत असेल, तर साधारण सात वेळा पिसलं की पुरे, असं बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. आपण लोकलमध्ये हातातल्या हातात पिसतो, त्याला कितीतरी जास्त वेळा पिसावं लागतं. तेवढ्यात तळेगाव येतं.

पत्त्यांचा नाद तसा जुनाच, बाबरानेही पत्ते वाटलेत. सिंधच्या शाह हसनला गंजिफा, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात १५२७ ची आहे. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० गोल पानांचा, दहा अवतार गुणिले बारा. लोकलमध्ये तो हातात मावणार नाही. आणि इंग्रजाला ज्या आकारात काळीज दिसलं, त्यात आपल्याला बदाम दिसला. खाणारी माणसं आपण.

रमी म्हणजे जुगार का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सिकंदराबादच्या एका क्लबवरची धाड, आणि १९६७ चा निकाल: कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची, तीन पत्तीसारखी नशिबाची नव्हे. मोबाइलवर पैसे लावून खेळायचं मात्र २०२५ च्या ऑगस्टमधल्या केंद्रीय कायद्याने बंद झालं. त्याच पावसाळ्यात विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण फक्त जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांचं कृषिखातं गेलं आणि वाट्याला आलं क्रीडाखातं!

'गोल्डफिंगर' या १९६४ च्या बाँडपटात खलनायक जिनच खेळतो. लबाडी अशी, की साथीदाराने वरच्या खोलीतून दुर्बिणीने समोरच्याची पानं पाहायची आणि खलनायकाच्या कानात सांगायची. आमच्या डब्यात दुर्बिणीची गरज नाही. माझ्या मागे उभा असलेला माणूस मी चुकीचं पान टाकायला गेलो की "अर्रर्र" करतो. काका पानांकडे पाहतच नाहीत, त्याच्या भुवयांकडे पाहतात.

आमच्या कॅटमधला किलवरचा छक्का वडगावच्या पुढे वाऱ्याने खिडकीबाहेर गेला. तेव्हा काकांच्या खिशातला एक जोकर कामाला लागला. त्याच्या टोपीवर बॉलपेनने '६ किलवर' लिहिलंय.

परवा मी ९४ वर, काका ८८ वर. कान्हे गेलं. माझ्या भंगाराची बेरीज ११. एकाने अडलेलो. पान उचललं, टाकलं. काकांनी उचललं, टाकलं. गठ्ठ्यात दोनच पानं उरली. दोन उरेपर्यंत कुणी ठोकलं नाही तर डाव रद्द, गुण कुणालाच नाहीत. काकांनी पिशवी माझ्या मांडीवरून उचलली, पत्त्यांना रबरबँड लावला आणि दाराकडे जाताना वळून म्हणाले, "रद्द झाला की वाटणारा बदलत नाही. उद्या पुन्हा तूच पिस."